राणीची पालखी, देवीची पालखी

गिझा, कैरोजवळ, मिसर देश
१४ नोव्हेंबर १९२६

मथुराबायच्या पायांवर महिपतचं डोकं.

बाय, पाकिटावरचं धाकट्या भावाचं अक्षर तू ओळखलं असशील. मी जिवंत आहे. दीड वर्ष पत्र नाही, त्यामुळे तुम्ही काय समजला असाल याचा विचार मनात आला की लेखणी खाली ठेवायचो. आज धीर केला.

गेल्या साली मे महिन्यात आमची बोट पोर्ट सैदला उभी होती. होडी खाली सोडताना दोर निसटला आणि होडीची कड माझ्या उजव्या मांडीवर बसली. हाड मोडलं. बोटीला थांबायला सवड नव्हती. मला तिथल्या इस्पितळात टाकून ती निघून गेली. पाच महिने खाटेवर होतो. बाबांशी भांडून, हत्यारं अंगणात फेकून मी बोटीवर गेलेलो. लंगडत परत यायचं कुठल्या तोंडाने, म्हणून कळवलं नाही. आता पाय सांधला आहे. थोडा आखूड राहिला, पण चालतो.

बरा झाल्यावर कैरोत एका सुरती व्यापाऱ्याकडे खोकी ठोकायचं काम धरलं. ती खोकी इथल्या उत्खननाच्या छावणीत यायची. एकदा खोकी पोचवायला आलो तर इथला मुख्य सुतार, उस्ता मन्सूर, खोक्याचा सांधा बघत राहिला. म्हणाला, खिळ्याशिवाय कोणी केला? मी म्हटलं, मी. झालं, तेव्हापासून इथेच खोकी करतो आहे.

आता इथलं ऐक. मिसरात दगडाचे डोंगर रचलेत. सर्वांत मोठा खुफू नावाच्या राजाचा. त्याच्या पूर्वेला, राण्यांच्या लहान डोंगरांपाशी, जमिनीत एक विहीर सापडली आहे. पाण्याची नव्हे, पुरायची. वरपासून तळापर्यंत दगडांनी गच्च भरलेली, दीड माड खोल. तळाशी एक खोली, आपल्या माजघराहून थोडी मोठी. ती खुफूच्या आईची. राणीचं नाव हेतेफेरेस. साडेचार हजार वर्षं झाली म्हणतात. तिचा पलंग, खुर्च्या, पेट्या, सगळं आत ठेवलेलं. पण लाकडाची पार राख झाली आहे, विडीच्या राखेसारखी. फुंकर मारली तर जाईल. लाकडावर मढवलेला सोन्याचा पत्रा तेवढा जसा पडला तसा पडून आहे. माणसं फळ्यांवर पालथी पडून चिमट्याने एकेक तुकडा उचलतात, आधी त्याचं चित्र काढतात, आकडा घालतात. मग वरच्या कारखान्यात उस्ताची माणसं पत्र्याच्या मापाने नवं लाकूड घडवतात.

त्यात एक वस्तू आहे, तिला हार्लो साहेब उचलायची खुर्ची म्हणतात. हार्लो साहेब आमच्या कारखान्याचे. मी म्हटलं, ही तर पालखी! दोन दांड्या आहेत, टोकाला सोन्याची माडाच्या झावळीसारखी फुलं आहेत. पण दांड्या बैठकीला कशा जोडल्या होत्या हे कोणाला सुटत नाही. बाबांना विचारशील? गावची पालखी त्यांनीच केलेली. राग धरून असले तरी लाकडाचा प्रश्न म्हटला की ते उत्तर देतील.

तुझा,
महिपत


सुरंगकोंड, तालुका रत्नागिरी
२० डिसेंबर १९२६

महिपत, उदंड आयुष्य होवो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग बाबांच्या रंध्यापाशी ठेवलं. रडले, ते तू जिवंत आहेस म्हणूनही आणि दुसऱ्या कारणानेही. महिपत, बाबा श्रावणात गेले. तुझा पत्ता नव्हता, कळवणार कुठे?

लपवून ठेवण्यासारखं काही नाही, म्हणून सगळं लिहिते. गेल्या शिमग्याला पालखी सहाणेवर, देवळापुढच्या ओट्यावर, नाचत असताना दांडा मोडला. बाबांनी घडवलेली पालखी, तीस वर्षं नाचलेली. देवीच्या मुखवट्यांची चांदीची रूपं घसरली, ती पुढचा खांदा देणाऱ्या भागोजीने छातीवर झेलली. कोणाला लागलं नाही. बाबांना कोणी बोललंही नाही. पण त्या दिवसानंतर कोणी कामाला बोलावलं नाही. ते पडवीत बसून राहायचे. जायच्या आधी चार दिवस मला म्हणाले, "मथुरे, दांड्यातनं लोखंडी खिळा आरपार घातला, तिथंच चूक झाली. लोखंड लाकडाला खातं." तू बोटीवर गेल्यावर त्यांनी दांडा बदलला, देवीच्या कामाला माझा हात चालायचा नाही, दुसऱ्या टोकाला धरायला कोणी नव्हतं म्हणून खिळ्यावर भागवलं होतं. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. त्यांनी तुझ्यावर राग धरला नव्हता, एवढंच कळावं.

हत्यारं मी विकली नाहीत. अंगणातली एकेक वेचून, तेल लावून ठेवली आहेत. ठेवली कसली, वापरते. नवरा वारल्यावर माहेरी आले तेव्हापासून बाबांच्या हाताखाली मी काय काय केलं ते तुला ठाऊक आहे. आता नांगर, जू, दाराच्या चौकटी करते. लोक काम आणून देतात आणि बाहेर सांगतात, गंगारामच्या घरून करून घेतलं. गंगाराम तर नाही. मग घर करतं वाटतं!

तुझ्या राणीच्या पालखीबद्दल. नुसत्या दांड्या सांगून काय उपयोग? ती बसायची कशी? मांडी घालून, की पाय खाली सोडून, की गुडघे पोटाशी घेऊन? बसणाऱ्याचं वजन कुठे पडतं ते कळल्याशिवाय सांधा कुठे असेल ते कसं कळणार? बैठकीची लांबी-रुंदी बोटांत लिहून पाठव. पत्र्याला कुठे भोकं आहेत तेही लिही. साहेबांना भोकं महत्त्वाची वाटत नसतील, पण सोन्याला उगाच कोण भोक पाडील?

जेवत जा. पायाला तीळतेल चोळ.

तुझी बाय


गिझा
१२ मार्च १९२७

बाय,

तुझं पत्र मी कारखान्यामागे वाळूत बसून वाचलं. उस्ता मन्सूरने लांबून बघितलं, कामाची हाक मारली नाही. संध्याकाळी त्याने आपल्या हाताने चहा आणून दिला. बाबांची ती खिळ्याची ओळ पुन्हा पुन्हा वाचतो.

आता इथली हकीगत. राणीच्या खोलीत पांढऱ्या चकचकीत दगडाची पेटी होती. राणी तिच्यात आहे अशी सगळ्यांची खात्री. दोन वर्षं भोवतालची राख वेचून झाल्यावर तीन मार्चला ती उघडायची ठरली. मोठमोठे लोक आले होते. त्यांना विहिरीतून एकेक करून खाली सोडलं. आम्ही शंभर माणसं वर तोंडाशी उभे. बऱ्याच वेळाने खालून एक माणूस वर आला आणि त्याने नुसते दोन्ही तळहात उघडून दाखवले.

पेटी रिकामी.

झाकण घट्ट होतं, खोलीही फोडलेली नव्हती, तरी आत काही नाही. साहेब लोकांचा तर्क असा की तिची पहिली कबर नवऱ्याच्या डोंगरापाशी होती, ती चोरांनी फोडली, देह नेला, आणि घाबरलेल्या अधिकाऱ्यांनी उरलेलं सामान रिकाम्या पेटीसकट इथे गुपचूप पुरलं. मुलाला, म्हणजे राजाला, पेटी रिकामी असल्याचं सांगितलंच नाही. खरं काय ते देव जाणे. छावणीवर सुतक आल्यासारखं झालंय. मलाही वाटायला लागलंय, जी नाहीच तिच्यासाठी आम्ही पालखी कशाला करतोय?

तरी तू विचारलंस म्हणून मापं पाठवतो. बैठक जेमतेम हात-सव्वा हात लांब, तेवढीच रुंद. समोर पाय सोडायला जागा नाही, म्हणजे गुडघे वर घेऊनच बसत असणार. आणि भोकं आहेत, बाय! पाठीच्या खाली आणि पुढच्या कोपऱ्यांत, जोडीजोडीने, लांबट चिरेसारखी. हार्लो साहेब म्हणतात, इथे तांब्याच्या कड्या असतील. पण तांब्याचा एक कणही मिळाला नाही. चित्र सोबत आहे.

महिपत


सुरंगकोंड
२५ एप्रिल १९२७

महिपत,

पहिल्यांदा तुझं रडगाणं. ती पेटीत नाही म्हणून पालखी कशाला, असं विचारतोस. तिचं शरीर चोरांनी नेलं. तिचं बसणं त्यांना नेता आलं नाही. ते राखेत मापासकट पडून आहे. सुतार देह घडवत नाही, बैठक घडवतो. तेवढं आपलं काम आहे, ते कर. मुकाट्याने.

आता चित्र. आठ दिवस मी ते फळीवर लावून ठेवलं होतं. मग फणसाच्या लाकडात वीतभर मापाची तशीच पालखी केली. तांब्याची कडी घालून बघितली. दोन पोरांनी दांड्या धरून हिंदकळवल्या तशी कोपऱ्याला चीर गेली, अगदी बाबांच्या दांड्याला गेली तशी. मग विचार केला, भोक गोल नाही, लांबट आहे. त्यातून काहीतरी चपटं जात असणार. चपटं आणि राख होणारं. महिपत, ती चामड्याची वादी आहे! ओली असताना ओवायची, चार वेढे घ्यायचे, वाळली की आपसूक आवळते. लाकूड हलतं तशी वादी हलते, सांधा फुटत नाही. तांबं मिळालं नाही कारण तांबं नव्हतंच. चामडं लाकडाबरोबर राख झालं.

वाद्या ओवून पालखी पुन्हा केली. वर वरवंटा ठेवला आणि पडवीभर नाचवली. करकर नाही की काही नाही. तुझी ती राणी लोखंड-तांब्याच्या भानगडीत पडली नाही, शहाणी होती.

नमुना नाटे गावच्या विठूबरोबर पाठवते आहे. तो बोटीवर आगवाला आहे, भट्टीत कोळसा घालतो, श्रावणात पोर्ट सैदला उतरेल. पेटी हातातच द्यायला सांगितलंय.

इकडे यंदा शिमग्याला पालखी निघाली नाही. रूपं देवळातच राहिली, लोकांचे चेहरे बघवत नव्हते. आता नवी पालखी करायचं गावाने ठरवलंय आणि काम आपल्याच घराकडे आलंय. फणसाचं झाड निवडलं आहे. आणखी काय लिहू?

बाय


गिझा
३० ऑगस्ट १९२७

बाय,

विठू आला, पेटी मिळाली. तुझा नमुना मी टेबलावर ठेवला तेव्हा कारखान्यातली सगळी माणसं गोळा झाली. हार्लो साहेबांनी दांड्या धरून तो हलवला, उलटा केला, पुन्हा हलवला. मग राखेच्या नोंदींच्या वह्या काढल्या. एका ठिकाणी, दोन वर्षांपूर्वी, कोणीतरी लिहून ठेवलं होतं की भोकापाशी तपकिरी भुकटी आहे, लाकडाहून वेगळी. साहेब टेबलावर मूठ आपटून हसले. सगळं जुळलं! आता सगळ्या सामानाचे सांधे त्याच नजरेने बघताहेत. माझी पाठ थोपटली. मला खोकीवाल्याचं काम सोडवून पालखीच्या कामावर घेतलं आहे.

आणखी एक. पालखीच्या पाठीला काळ्या शिसवी पट्ट्या होत्या आणि त्यांवर सोन्याची बारीक अक्षरं बसवलेली. अक्षरं म्हणजे चित्रंच. घुबड, मधमाशी, ससाणा. ती निखळून विखुरली होती, ती जुळवून साहेबांनी वाचली. मला अर्थ सांगितला तो असा: दोन्ही मुलखांच्या राजाची आई, देवाच्या अंगची लेक, जी जे बोलेल ते तिच्यासाठी केलं जातं, ती हेतेफेरेस. हेच पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. मला हसू आलं. म्हटलं, ही आमच्या बायसारखीच दिसते.

गावाने काम तुला दिलं हे वाचून नवल वाटलं. गावचा मुख्य मानकरी शिवा गावकर इतका बदलला? खरंच तुलाच दिलं?

महिपत


सुरंगकोंड
२ डिसेंबर १९२७

महिपत,

तीन महिने उत्तर दिलं नाही कारण तुझ्या शेवटच्या ओळीला काय उत्तर द्यावं ते कळत नव्हतं. आता दिल्याशिवाय सुटका नाही.

मला दिलेलं नाही. तुला दिलेलं आहे.

चैत्रात गाव देवळात जमलं तेव्हा काम रत्नागिरीच्या कुठल्याशा कारखान्याला द्यायचं चाललं होतं, लोखंडी पट्ट्या मारून. मी खांबाआडून म्हटलं, महिपत मिसरात राणीच्या पालखीवर काम करतोय, तो आराखडा करून पाठवील, मी नुसती फळी धरीन. शिवा गावकर म्हणाला, "महिपत पाठवणार असंल तर हरकत नाय. गंगारामाचा झिल हाय तो." लगेच मान्य झालं. त्या क्षणी मला आनंद झाला. घरी येईपर्यंत तो आनंद कडू झाला होता. बाकीच्या कामात बारा वर्षं बाबांसमोर दुसरं टोक मीच धरलं नाही का? पण विधवेच्या हातची पालखी म्हटल्यावर कोण हो म्हणणार होतं?

पालखी जवळजवळ पुरी होत आली आहे. देवीच्या पालखीला चामडं चालायचं नाही, म्हणून होड्या शिवायच्या काथ्याची दोरी घेतली, समुद्राच्या पाण्यात मुरवून पिळली. एक खिळा नाही. कोपऱ्याच्या भोकांची जागा तुझ्या राणीकडून घेतली. इतकं नेटकं काम मी आजवर केलेलं नाही आणि ते कोणाला सांगताही येत नाही.

आता अडचण अशी की लोकांना संशय आला आहे. परवा शिवा गावकर पडवीत येऊन बघून गेला. म्हणाला, "महिपताचं पत्र दाखव. आराखडा त्याचा हाय हे त्याच्या हातानं लिहिलेलं पायजे. नायतर आमी रत्नागिरीला सांगू." माघात गाव पुन्हा जमेल. तोवर तू गावकराच्या नावे एक पत्र पाठव, आराखडा तुझा आहे असं लिहून. खोटं लिहायला सांगते आहे. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

बाय


गिझा
५ जानेवारी १९२८

बाय,

तुझं पत्र वाचून मी हातातली पटाशी बाजूला ठेवली. तू खोटं बोललीस म्हणून नव्हे.

मीही तेच केलं आहे. नमुना टेबलावर ठेवला तेव्हा साहेबांनी विचारलं, तू केलास? आणि मी मान हलवली. एवढंच. मग ती मान परत उलटी हलवायला पाच महिने जमलं नाही. पाहुणे आले की साहेब मला पुढे करायचे, हिंदुस्थानी सुताराने हे सोडवलं म्हणून. मी उभा राहायचो, खाली बघायचो. त्यांना तो विनय वाटायचा. तू निदान देवीची पालखी गावात राहावी म्हणून खोटं बोललीस. मी कशासाठी बोललो? कोणीतरी एकदा शाबास म्हणावं म्हणून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी नमुना घेऊन साहेबांकडे गेलो. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हे माझ्या थोरल्या बहिणीने केलं, सगळं, मी फक्त भोकं मोजली. उस्ता मन्सूर तिथेच होता. साहेबांनी नमुना हातात घेतला. मला वाटलं, गाशा गुंडाळावा लागणार. मग त्यांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि म्हणाले, नाव सांग, सावकाश. मी म्हटलं, मथुरा. त्यांनी सांध्याच्या चित्राखाली लिहिलं. बापाचं नाव विचारून तेही लिहिलं. मग वही मिटून म्हणाले, "बरं. आता तिला पुढचा प्रश्न विचार."

प्रश्न असा. राणीच्या पलंगावर पडदे सोडायला सोन्याने मढवलेला मांडव होता, सुटा करून प्रवासात न्यायचा. खांब, तुळया सगळं मापात आहे, पण उभा करायला गेलं की शेवटचा कोपरा बसत नाही. का?

उस्ता मन्सूरने मात्र तीन दिवस मला रंध्याला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, माझ्या आईने विणलेल्या चटया माझा बाप आपल्या म्हणून विकायचा, मला तो आवडायचा नाही. मग हातात रंधा दिला आणि कामाला लावलं.

सोबत दोन पत्रं आहेत, दोन्ही शिवा गावकराच्या नावे. एकात लिहिलंय, आराखडा माझा. दुसऱ्यात लिहिलंय, आराखडा, लाकूड, गाठी, सगळं मथुराचं, आणि मिसरच्या राणीची पालखीही तिच्याच डोक्याने उभी राहते आहे. पहिलं दिलंस तर काम नक्की राहील. दुसरं दिलंस तर काय होईल सांगता येत नाही. कोणतं द्यायचं ते तू ठरव. मी तुझ्या वतीने ठरवणार नाही, मला तो हक्क राहिलेला नाही.

महिपत


सुरंगकोंड
१८ मार्च १९२८

महिपत,

तू मान हलवलीस त्याबद्दल तुला चार शब्द सुनवायचे होते, पण इतकं काही घडलंय की राग शोधावा लागेल. तेव्हा सोडून देते.

गाव जमलं. पालखी आम्ही धोतराने झाकून देवळाच्या मांडवात नेऊन ठेवली होती. तुझी दोन्ही पत्रं माझ्या कनवटीला. शिवा गावकराने हात पुढे केला, "पत्र आण." मी पदर सावरला आणि खांबाआडून पुढे आले. सगळ्यांच्या समोर इतकी पुढे मी कधी आले नव्हते. म्हटलं, "पत्र आलंय. पण ते वाचायची गरज नाय. आराखडा माझा हाय. लाकूड मी कापलं, सांध्यांचे कुसू मी घातले, गाठी माझ्या हातच्या. महिपत मिसरात हाय, त्यानं यातली एक फळी बघितलेली नाय. चैत्रात मी खोटं बोलले, त्याची जी शिक्षा असंल ती द्या. पण काम खोटं नाय."

पत्र द्यायचं नाही हे मी घरून ठरवून आले नव्हते. तिथे हात पुढे आलेला बघितला आणि वाटलं, माझ्या कामाला साक्ष तुझ्या पत्राची का लागावी? काम समोर आहे की.

मग जो गलका झाला! कोणी म्हणे विधवेचा हात लागला, कोणी म्हणे आता शुद्ध कशी करायची. एक मानकरी उठून चालू लागला. मी म्हटलं, "अजून देवी तिच्यात बसलेली नाय. आता ते लाकूड हाय, आणि लाकडाबद्दल मला कळतं. दोन पोती भात घाला आणि नाचवा. एकदा जरी करकर झाली तरी मी माझ्या हातानं कुऱ्हाड घालीन. नाय झाली तर मग देवीला विचारा, मला नको."

कोणी पुढे येईना. तेव्हा भागोजी उठला. दांडा मोडला त्या दिवशी पुढचा खांदा त्याचाच होता, त्यानंतर त्याने पालखीचं नाव काढलं नव्हतं. म्हातारा होत चाललाय, तरी उठला. पालखीवर झाकलेलं धोतर बाजूला केलं आणि पालखी बघून त्याने तिच्या पाया पडल्यासारखं केलं. त्याच्यामागे सात जण आले. ढोलकऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून थाप मारली.

महिपत, ते नाचले. आधी जपून. मग विसरले. पालखी डोक्यावर घेतली, गुडघ्यांवर बसून फिरवली, उताणे झोपून छातीवर झुलवली, दोन पोती भातासकट. मी फक्त कान लावून होते. ढोल थांबले की लाकडाचा आवाज येतो का ऐकायचं. आला नाही. शेवटी भागोजीने दांडा खाली घेतला, घामाने निथळत होता. म्हणाला, "जुनी पालखी खांद्याला झोंबायची. ही खांद्याबरोबर डुलते." आणि पोरासारखा रडायला लागला.

मग रामा गुरवाने देवीला कौल लावला. मला तिथे उभं राहवेना, मी विहिरीकडे गेले. घंटा वाजली तेव्हा कळलं. उजवा कौल, देवीचा होकार.

शिमग्याला पालखीला रूपं लागली. दोन वर्षांनी पालखी निघाली, मुंबईहून चाकरमानी आले होते, खालच्या आरे-वारे गावांची माणसंसुद्धा बघायला वर चढून आली. पालखी घरोघर फिरते तशी आपल्या अंगणात आली. मी दाराच्या कडेला उभी होते, जिथे उभी राहते तिथे. शिवा गावकर माझ्यासमोर येऊन थांबला. मला वाटलं आता काही लागेल असं बोलणार. तो म्हणाला, "मथुरे, पुढचा उतार अवघड हाय. तू एकदा गाठी बघून घे. तू हो म्हटल्याबिगर कोणी खांदा देणार नाय."

सगळं गाव थांबलं होतं. ढोल थांबले होते. मी अंगण ओलांडलं, चारही कोपऱ्यांच्या गाठींवरून हात फिरवला. एक दोरी अर्धं बोट सैल झाली होती, ती आवळली. मग म्हटलं, "उचला." आणि उचलली! त्यानंतर पाच दिवस प्रत्येक घराच्या अंगणात तेच. पालखीपुढे गुरव, त्याच्या बाजूला मी. कोणी मला मागे हो म्हटलं नाही.

तुझ्या साहेबांना उत्तर कळव: मांडवाचा शेवटचा कोपरा बसत नाही कारण ते आधीचे तीन घट्ट करताहेत. चारी सैल उभे करा, वरची चौकट टेकवा, मग एकेक आवळत जा. आमच्याकडे लग्नाचा मांडव घालणारा कोणीही हे सांगेल.

मथुरा


गिझा
९ फेब्रुवारी १९३०

बाय,

गेल्या वर्षभरात तुझी चार पत्रं आली आणि माझी दोनच गेली, रागावू नको. मांडव उभा राहिला, अगदी तू सांगितलंस तसा, हे तर कळवलं होतंच. आता पालखीचं.

काल पुरी झाली. नवं लाकूड, जुनं सोनं, दांड्यांच्या टोकाला सोन्याची झावळीची फुलं, पाठीवर काळ्या पट्टीत ती अक्षरं, एकही चुकलेलं नाही. सोनं चढवण्याआधी सांगाड्यावर एका बाईच्या वजनाची वाळूची गोणी ठेवून उस्ता मन्सूर, मी आणि दोघांनी ती अंगणात फिरवली होती. मी पुढचा खांदा मागून घेतला. पाय आखूड असल्यामुळे माझी चाल हेलकावते, पालखीही हेलकावली, पण सांधा बोलला नाही. माणसं टाळ्या वाजवत होती. काल तीच पालखी सोन्यात उभी राहिली तेव्हा मात्र कोणी टाळी वाजवली नाही. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. कारखान्यात कोणी आलं नव्हतं, तरी उभे राहिलो. राणी आल्यावर उभं राहतात तसे.

माझं इथलं काम झालं. साहेब राहा म्हणतात, पण मला घरी यायचं आहे. विठू सांगत होता की तुझ्याकडे आता तीन गावांच्या पालख्या आहेत, मंडणगडपासून माणसं येतात आणि तू म्हणशील त्या महिन्यापर्यंत थांबतात. त्याच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असतो, तरी अर्धं खरं धरतो.

मला तुझ्या हाताखाली जागा आहे का?

महिपत


सुरंगकोंड
२ मार्च १९३०

महिपत,

विठूने कमी सांगितलं. पाच गावांच्या आहेत.

जागा आहे. दुसरं टोक धरायला माणूस हवाच होता. पण आधी सांगून ठेवते, इथे माझ्या पद्धतीने रंधा धरावा लागेल, आणि कोणी विचारलं हे कोणी केलं, तर मान हलवायची नाही, तोंडाने सांगायचं.

ये लवकर. फणसाच्या फळ्या वाळत घातल्या आहेत.

मथुरा गंगाराम, सुतार